‘दीड तासात उरकलं’ या तुमच्या अभिप्रायाबद्दल

मॅडम, नमस्कार.

नव्या घरातल्या पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली, पलंग खोलीच्या मधोमध ओढून झोपावं लागतंय, हे वाचून मनापासून वाईट वाटलं. आमची चूक आहे ती आधी मान्य करतो. घर घेण्याआधी तुम्ही ते आमच्याकडून तपासून घेतलंत, तेव्हा त्या भिंतीबद्दल आम्ही रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, पण नवव्या पानावर, तीन ओळींत. तुम्हाला फोन करून ते तोंडी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माफ करा.

पण ‘साडेतीन हजार घेतले आणि दीड तासात उरकून निघून गेले’ हे वाक्य काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही. मी १४ वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. घर तपासायचं हे काम सुरू केल्यापासून एकही घर उरकलेलं नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते इथे लिहितो, कारण लोक हे पान वाचूनच आम्हाला बोलावायचं की नाही ते ठरवतात. तुमच्या अभिप्रायानंतर दोन जणांनी ठरलेली वेळ रद्द केली आहे.

एप्रिलचा शनिवार होता. वेळ ठरली होती सकाळी ११ ची. मी आणि माझा सहकारी पावणेअकरालाच पाथर्डी फाट्याकडच्या तुमच्या इमारतीखाली गाडी लावून उभे होतो. किल्ली एजंटकडे होती आणि एजंट मुंबई नाक्यावर अडकले होते. किल्ली हातात आली पावणेएकला. दोन तास आम्ही त्या उन्हात पार्किंगमध्ये थांबलो. त्याबद्दल तेव्हा अवाक्षर काढलं नाही, आजही काढलं नसतं. वर गेलो तर नळाला पाणी नाही. फ्लॅट चार महिने बंद, गच्चीवरचा कॉक फिरवून ठेवलेला. वॉचमनकाकांना शोधून तो उघडेपर्यंत आणखी २० मिनिटं गेली. आणि मग तुमचा फोन आला, की जुन्या मालकांना सव्वादोनला किल्ली परत हवी आहे, संध्याकाळी टोकन द्यायचंय, तेव्हा ‘महत्त्वाचं तेवढं बघून घ्या’. दीड तास झाला तो असा. दोन बेडरूमच्या घराला आम्ही साडेतीन-चार तास धरतो, आणि बाथरूमसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी.

ती दुसरी फेरी का, ते सांगतो, कारण तुमच्या ओलीचा संबंध तिथेच असू शकतो. नहाणीच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाच्या, तोंडात ओलं फडकं घट्ट कोंबायचं, बाथरूममध्ये दीड-दोन इंच पाणी साठवायचं, टाइलवर पातळीची पेन्सिलनं रेघ मारायची आणि २४ तासांनी येऊन बघायचं. पाणी रेघेच्या बरंच खाली गेलंय का, पलीकडच्या भिंतीला किंवा खालच्यांच्या छताला डाग आलाय का. अर्ध्या तासात यातलं काही कळत नाही. टाइलखालच्या कोब्यातून झिरपून बाहेर यायला पाण्याला वेळ लागतो. मी फडकं कोंबलं होतं, पाणी सोडलं होतं, रेघही मारली होती. कमोडच्या डाव्या हाताच्या टाइलवर आहे, पुसली नसेल तर अजून दिसेल. फोनवर मी म्हणालो होतो की रविवारी सकाळी दहा मिनिटं येऊन जातो, जास्तीचे पैसे नकोत. तुम्ही म्हणालात, किल्ली मिळणार नाही. मग फडकं काढून साठवलेलं पाणी सोडून दिलं.

ओलावा मोजायच्या मीटरवर ओल का दिसली नाही, असंही तुम्ही लिहिलंय. मॅडम, त्या मीटरच्या दोन सुया भिंतीला जिथे टेकतात तिथला ओलावा तो सांगतो, त्या दिवशीचा. चार महिने कुणी अंघोळ न केलेल्या बाथरूमची भिंत एप्रिलात कोरडीच लागणार. म्हणून मी मीटरवर थांबलो नव्हतो. बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकला तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत पुट्टीचा पट्टा वेगळा चमकत होता. बाकी तीन भिंतींचा रंग जुना, ही एकच ताजी. नवव्या पानावर तेच आहे: ‘या भिंतीला खालच्या भागात नवीन पुट्टी. पलीकडे बाथरूम. पाणी साठवून चाचणी पूर्ण झालेली नाही. बाथरूम वापरात आल्यावर लक्ष ठेवावे.’

आणि तिसऱ्या पानावरचा गीझर तुम्हाला आठवला नाही, याचं जास्त वाईट वाटलं. २,००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि तो लावला होता ६ अँपिअरच्या सॉकेटवर. प्लगजवळचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालं होतं. मेन बोर्डातल्या ईएलसीबीचं (शॉक बसताच वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्टचं बटण दाबलं तर तो पडलाच नाही, म्हणजे शॉक बसला असता तरी वीज बंद झाली नसती. दोन्ही गोष्टी तुम्ही राहायला जाण्याआधी बदलून घेतल्यात, तसा तुमचा मेसेज आहे माझ्याकडे. तेही त्याच दीड तासात सापडलं होतं.

कॉन्ट्रॅक्टर अख्खं बाथरूम फोडायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून आठवडाभर थांबा. ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा आणि तारीख लिहा. मग ते बाथरूम वापरणं बंद करा, पण कॉक चालू राहू द्या. डाग पसरायचा थांबला तर नहाणी किंवा टाइलमधल्या फटी बघायच्या. बऱ्याचदा नहाणीभोवतीचं तेवढंच उघडून काम होतं. पाऊस नसतानाही पसरत राहिला तर भिंतीतल्या पाइपवर संशय. कॉक बंद करून बघा, आणि थांबला तर प्लंबरकडून प्रेशर पंप लावून खात्री करून घ्या. फक्त पावसाच्या दिवशी वाढत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीत आहे, तिथे बाथरूम फोडून हाती काही लागणार नाही. इतक्यात वरून वॉटरप्रूफ रंग मात्र लावू नका, आतलं पाणी दुसरीकडून वाट काढतं आणि पुढच्या वर्षी पापुद्रे सुटतात.

किल्ली, पाणी, वेळ यांचं आधी नीट ठरवून घेण्याबद्दल आणि रिपोर्ट अधिक सोपा करण्याबद्दल आम्ही सुधारणा करत आहोत.

आठवडा झाला की मला फोन करा. मीटर घेऊन येतो, एक रुपया घेणार नाही. बाथरूममधली ती रेघ असेल तर पुसू नका, तिथपर्यंतच पाणी भरू आणि या वेळी पूर्ण २४ तास ठेवू.