सुभेदारांचा पाय

सुभेदार लंगडत होते. म्हणजे सकाळी सव्वासहाला लंगडत होते; साडेसहाला नव्हते.

सुभेदार हा आमचा कुत्रा. जात गावठी, रंग भाजलेल्या पापडासारखा, मधे पिवळट आणि कडेने काळपट. नाव वडिलांनी ठेवलं. एकदा हुद्दा दिल्यावर ‘ए, चल हट’ म्हणायची कोणाची छाती होईना, म्हणून घरात त्यांचा उल्लेख आदरार्थी होतो. फक्त आई त्यांना ‘मेल्या’ म्हणते, आणि ते फक्त तिचंच ऐकतात.

तर त्या दिवशी फाटकाबाहेर पडल्यावर सुभेदारांनी पुढचा उजवा पाय उचलला, तीन पायांवर चार-पाच पावलं टाकली, पाय झटकला, आणि समोर मांजर दिसताच चारही पायांनी तिच्या मागे लागले. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणसांत असा आजार असतो, त्याला सोमवार म्हणतात. पण सुभेदारांना नोकरी नाही.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दोन्ही गुडघे बदलून घेतलेत. ते म्हणाले, ‘‘गुडघाच. लिहून घ्या.’’ योगवर्ग घेणाऱ्या बाईंच्या मते वात. वॉचमनदादांची कंबर बारा महिने धरलेली असते. त्यांनी खात्रीने सांगितलं, ‘‘साहेब, लचक भरलीय.’’ आत्याने फोनवरून दृष्ट काढायला सांगितली, कारण गेल्या महिन्यात मीच त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला होता. ज्याचं जे दुखत होतं ते त्याने सुभेदारांच्या पायात घालून पाहिलं. पाय एक, मालक अकरा.

काका तर स्वतःची गुडघ्याची गोळी अर्धी मोडून घेऊन आले. प्रेमाने आणली होती, म्हणून मी ती देणारच होतो. बायकोने आधी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून डॉक्टर एवढ्या मोठ्याने बोलले की स्पीकर लावायची गरज पडली नाही. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला परस्पर द्यायच्याच नाहीत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने त्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काकांनी ती अर्धी गोळी तिथेच पाण्याबरोबर स्वतः घेऊन टाकली. वाया कशाला घालवायची.

मग दवाखाना. घरून निघताना सुभेदार व्यवस्थित लंगडत होते, मला अगदी समाधान वाटलं. दवाखान्याच्या पायरीवर पाऊल पडलं मात्र, आणि त्यांच्यात सव्वीस जानेवारी संचारला. छाती पुढे, शेपूट वर, चारही पाय तालात. डॉक्टरांनी बोळातून चालवलं, पळवलं, वळवलं. मांडी, गुडघा, खांदा, कोपर, सगळं दाबून-वाकवून पाहिलं. पंजाही पाहिला. सुभेदार ‘हूं’ नाहीत की ‘चूं’ नाहीत. मुलीला बघायला पाहुणे आलेत आणि तिने अचानक सगळा स्वयंपाक येत असल्यासारखं वागावं, तसे ते वागले. मीच खोटा पडलो.

‘‘इथे आलं की घाबरून अंगात अ‍ॅड्रेनलिन चढतं, दुखणं विसरतात,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘घरी व्हिडिओ काढा. पुढचा पाय दुखत असेल तर डोक्याकडे बघा. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं.’’

कुत्र्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. दुखऱ्या पायावरचा भार कमी करायला तो मान वर उचलतो. इतकं साधं. पण हे एकदा कळलं की माणूस कामातून जातो. मी सकाळी सव्वासहाला रस्त्यावर उकिडवा बसून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करू लागलो. फिरायला येणाऱ्या बायकांनी रस्ता बदलला. एका मुंजीत मी जेवणाच्या पंगतीऐवजी पाहुण्यांची डोकी बघत बसलो आणि बायकोच्या मामांना सांगितलं, ‘‘मामा, डावा पाय जपा.’’ मामा अजून बोलत नाहीत. पाय मात्र डावाच निघाला.

बायको ऑडिटमध्ये आहे. तिने वही घातली. रकाने : तारीख, वेळ, कोणता पाय, हवा, आदल्या रात्रीचं जेवण. मी एक तिथीचा रकाना सुचवला, तोही तिने निमूटपणे आखला. नोंदी मी करायच्या. दोन आठवड्यांत वही अशी भरली की डॉक्टर ती वाचताना खुर्चीत पुढे सरकले.

‘‘सोमवारी उजवा, बुधवारी डावा, गुरुवारी उजवा, शनिवारी पुन्हा डावा? पाय बदलतोय?’’

‘‘बदलतोय,’’ मी अभिमानाने म्हणालो.

पाय बदलत लंगडणं हे वेगळंच प्रकरण असतं. कोवळ्या वयाची मोठ्या हाडाची कुत्री वाढीच्या दिवसांत अशी लंगडतात, पण सुभेदार पाच वर्षांचे. मग उरला गोचीड ताप. गोचिडीच्या चाव्यातून जंतू रक्तात शिरतात, प्लेटलेट उतरतात आणि कधी कधी सांधे धरतात. आज हा, उद्या तो. झालं. सुभेदारांचं रक्त गेलं. आम्ही दोन संध्याकाळी त्यांना गालिच्यावर उताणं पाडून टॉर्चने गोचीड शोधल्या. कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यात. एकही नाही. सुभेदारांना मात्र हा खेळ फार आवडला; तिसऱ्या संध्याकाळी ते आपणहून उताणे झाले.

रिपोर्ट स्वच्छ आला. प्लेटलेट माझ्यापेक्षा बऱ्या होत्या.

त्या रात्री बायको वही आणि व्हिडिओ घेऊन बसली. तिने एक व्हिडिओ तीनदा पाहिला आणि शांतपणे विचारलं, ‘‘हा तुमच्याकडे तोंड करून येतोय ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग डावा कुणाचा लिहिलात? त्याचा की तुमचा?’’

ऑडिटमधली माणसं ओरडत नाहीत. ओरडली असती तर बरं झालं असतं. सुभेदार पुढे जात असताना मी मागून पाहिलं त्या दिवशी उजवा, आणि समोरून आले त्या दिवशी माझ्या बाजूने डावा. पाय बदलत नव्हता. मी जागा बदलत होतो.

हे डॉक्टरांना कोणी सांगायचं यावर आमच्यात दोन दिवस गेले. शेवटी मी ‘‘आता उजव्यातच स्थिरावलंय’’ असं म्हणून वेळ मारून नेली. मग उजव्या पायाचे एक्स-रे. कुत्र्याला ‘श्वास रोखा’ म्हणता येत नाही, म्हणून गुंगीचं औषध देतात. सुभेदारांना आम्ही स्ट्रेचरवरून आत पाठवलं आणि बाहेर आणलं तेव्हा ते चारही पायांनी लंगडत होते, जीभ एका बाजूला, डोळे भक्तिभावाने अर्धे मिटलेले. खांदा, कोपर, मनगट. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, ‘‘हाडं फार सुंदर आहेत.’’

‘‘स्थळ आणलंय का?’’ आई म्हणाली. तिला आम्ही घरी गेल्यावर सांगितलं होतं.

आता विश्रांती. दहा दिवस पळायचं नाही, जिना नाही, लांब फेरी नाही. सोसायटीच्या हिरवळीवर पट्टा धरून पाच मिनिटं. आणि सुभेदार ठणठणीत बरे झाले! दहा दिवसांत एकदाही पाय उचलला नाही. काकांनी पेढे मागितले. अकराव्या दिवशी सव्वासहाला आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि पाचव्या पावलाला पाय वर.

मी घरी येऊन सोफ्यावर बसलो. आई गॅलरीत पावटे सोलत होती. तिथून फाटक दिसतं.

‘‘तो मेला घरात कुठं लंगडतो?’’ ती सालाकडे बघतच म्हणाली. ‘‘गवतावरही नाही. फाटकाबाहेर खडी टाकलीय ना पाइपवाल्यांनी, तिथं लंगडतो. खडी संपली की नीट.’’

‘‘आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘मला कुठं विचारलंत? वहीत रकाना होता का माझा?’’

रकाना नव्हता. माझ्या वहीत तिथी होती, आर्द्रता होती, मंगळवारची खिचडी होती. ‘कुठे’ हा रकाना नव्हता. पंचेचाळीस दिवस मी त्या सव्वासहाच्या वेळेत कारण शोधत होतो, आणि सव्वासहाला आम्ही खडीवर असायचो एवढंच त्या वेळेचं महत्त्व.

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. ‘‘आजींना आधी आणायला हवं होतं. कडक, खडबडीत जमिनीवरच लंगडतो म्हणजे दुखणं सांध्यात नाही, तळव्यात.’’ सुभेदारांच्या तोंडाला जाळी बांधली. कोमट पाण्यात पंजा भिजवला, बोटांमधले केस कापले, भिंग आणलं आणि मधल्या मोठ्या गादीवर नखाएवढी नखाएवढी जागा दाबत निघाले. कडेला एक काळा ठिपका होता, तिळासारखा. मी तो आधी पाहिला होता आणि तो तीळच आहे असं वहीत लिहिलंही होतं. तिथे दाबलं आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा सुभेदार दवाखान्यात बोलले. जे बोलले ते आदरार्थी नव्हतं.

जागा बधिर करून चिमट्याने काढला तेव्हा दिसला : वेडी बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक. सोसायटीमागच्या पडीक प्लॉटमध्ये तिचंच रान आहे आणि मांजरंही तिथेच असतात. वरची कातडी मिटून गेली होती, म्हणून पहिल्या दिवशी बोटाला लागला नाही. खडीचा दगड नेमका त्या कडेला टेकला तर टोचणार, नाही तर नाही. आणि एक्स-रेत लाकूड-काटा सहसा दिसत नाही. हाडासारखा तो किरणांना अडवत नाही. हे सगळं डॉक्टर समजावत असताना बायकोने पर्समधून पट्टी काढून काटा मोजला. 6 मिलिमीटर. एकूण खर्च 9,840 रुपये. ‘‘मिलिमीटरला 1,640,’’ ती म्हणाली आणि वही बंद केली.

काकांना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘गुडघ्याच्या सरळ रेषेतच होता ना? मग!’’

डॉक्टरांनी पंजाला गुलाबी चिकटपट्टी गुंडाळली. सुभेदार टेबलावरून उतरले, त्या गुलाबी पायाकडे क्षणभर बघितलं, आणि बाहेर बसलेल्या पाच माणसांसमोरून, एक लॅब्रेडॉर, दोन पामेरियन आणि एका सशासमोरून, लंगडत निघाले. दुखरा पाय टेकला की डोकं वर. चांगला टेकला की खाली. अगदी पुस्तकातल्यासारखं.

‘‘थांबा, थांबा!’’ डॉक्टर आतून धावत आले आणि मदतनीस पोराला हाक मारली, ‘‘ये लवकर. बघ, याला म्हणतात लंगडणं.’’