अकरा वाचकांत सुखी कसे राहावे

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही लेख लिहून फेसबुकवर टाकलात आणि तासाभरात त्याला चक्क ७ लाइक मिळाले. त्यातला एक तुमचा, एक बायकोचा (तिला आठवण करावी लागली), उरलेले पाच अशा लोकांचे जे नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सलाही लाइक करतात. खचू नका. या क्षेत्रातला माझा १२ वर्षांचा अनुभव मी तुम्हाला फुकट देतो आहे. एरवीही फुकटच देतो.

पहिलं म्हणजे भागाकार करायचा नाही. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. त्यांच्या शेजारी आपले अकरा मांडून बघायचा मोह होतो, तो आवरावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा माझ्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. निम्म्यांनी 'अभिजीत' लिहिलं होतं, पण उत्साह बघा ना.

सकाळी सातला लेख टाकू नका. सुप्रभातच्या गुलाबांखाली गुदमरतो.

'वाचलास का?' असं कुणाला विचारू नका. 'रविवारी निवांत वाचतो' म्हणणाऱ्या माझ्या एका मित्राचा रविवार २०१९ पासून उजाडलेला नाही.

लेखाला फोटो जोडा, फोटो बघून लोक थांबतात. हा सल्ला मला एका जाणकाराने दिला आणि मी तो मनावर घेतला. गेल्या महिन्यात बाबांच्या चेतकवर लिहिलं. ११०० शब्द. त्या काळी बजाजची स्कूटर खिशात पैसे असून मिळत नसे, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. बाबांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं आणि गाडी दारात आली तेव्हा मी बालवाडीत होतो. पावसाळ्यात सुरू झाली नाही की तिला एका अंगावर कलती करायची, मग किक, मग शिव्या, मग परत किक. हे सगळं लिहिलं. सोबत बाबांचा चेतकवर बसलेला फोटो. कृष्णधवल. तिथे चुकलं. आणि पहिलं वाक्य होतं, 'परवा बाबांची चेतक गेली.'

तासाभरात ६३ कमेंट! माझा आजवरचा विक्रम १४ चा. हर्षवायू व्हायचा बाकी होता. उघडून बघतो तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. 'पितृछत्र हरपले.' ओळीने हात जोडलेले. एकाने 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो' लिहून खाली 'खूप छान लिहिलंयस, असाच लिहीत राहा' अशीही पुस्ती जोडली होती. असाच म्हणजे? आता कुणाला मारू?

मग सांगलीहून मावशीचा फोन. फोन बाबांनीच उचलला. पलीकडे हुंदके. 'अगं, झालं काय? कोण गेलं?' बाबा विचारताहेत. 'कोण बोलतंय?' 'मीच बोलतोय.' त्यावर मावशीने फोन ठेवला तो दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलला नाही.

अहो, चौथी ओळ! चौथ्या ओळीत बाबा भंगारवाल्याशी पाचशे रुपयांसाठी हुज्जत घालताहेत. मेलेला माणूस भंगारवाल्याशी हुज्जत घालतो का? 'आणखी पहा'वर बोट टेकवायला असे काय कष्ट पडतात?

असो. सल्ला चालू होता. धीर धरा. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. म्हणजे मराठीत वाचक मिळायला लेखकाने गेलेलं पुरतं, लेखकाच्या बापाने जायची गरज नाही.

आणि मनाची समजूत घाला की आपण स्वतःसाठी लिहितो... नाही, हे मला जमत नाही. स्वतःसाठी लिहायचं असतं तर डायरीत लिहिलं असतं, तुम्हाला टॅग कशाला केलं असतं? नका वाचू. खरंच नका वाचू, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण न वाचता अंगठा दाखवू नका, हात जोडू नका, 'अप्रतिम' म्हणू नका. त्या ६३ जणांतले किमान दहा जण मराठी वाचनसंस्कृती बुडाली म्हणून दर २७ फेब्रुवारीला गळा काढतात. लाज वाटू द्या थोडी. अकरा जण वाचणारे असते तर मी तक्रारच केली नसती.

एकाने मात्र अख्खा वाचला. चष्मा पुसून, खुर्ची खिडकीशी ओढून, पंचवीस मिनिटं लावून. मग मला हाक मारून म्हणाला, "गाडी ८४ साली नाही आली. ८६. आणि भंगारवाल्याशी हुज्जत पाचशेसाठी नव्हती, सातशेसाठी होती."

दोन्ही दुरुस्त केलंय.