घडी उघडायला काय हात दुखतात?

जुन्या मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या अवाढव्य, संगणकांच्या तांत्रिक पुस्तिका आपण ‘डिजिटल स्वरूपात जतन केल्या’ असे जो अभिमानाने सांगतो, त्याला त्याचीच पीडीएफ उघडून एखादी आकृती वाचून दाखवायला सांगावे. काल रात्री दोन तास मी एका देखभाल-पुस्तिकेत एका सर्किटचा माग काढत होतो. रेघ पानाच्या उजव्या कडेपर्यंत आली आणि तिथेच संपली, कारण ते पान घडीचे होते आणि स्कॅन करणाऱ्या महाभागाने घडी उघडलीच नव्हती.

हा दोष निदान डोळ्यांना दिसतो; पान कोणत्या आवृत्तीचे आहे हेच हरवले, तर ते दिसतही नाही. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० च्या पुस्तिकांना दुरुस्तीपत्रकांसोबत बदली पाने येत. जुने पान काढून नवे लावायचे आणि बदललेला मजकूर समासातल्या उभ्या रेघेवरून ओळखायचा, अशी ती शिस्त होती. मुखपृष्ठावरच्या फॉर्म क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून आवृत्ती कळते. पण आमचे जतनवीर ‘कोरे दिसते’ म्हणून मुखपृष्ठच गाळतात आणि समास कापून टाकतात!

त्याहून संताप येतो तो फाइल लहान करण्याच्या हव्यासाचा. जेबिग२ या चित्र-संकोचन पद्धतीच्या, मूळ तपशील गमावणाऱ्या प्रकारात एकसारखी दिसणारी अक्षरे एकच मानून एकाच अक्षराचे चित्र सगळीकडे चिकटवले जाते. झेरॉक्सच्या काही यंत्रांत यामुळेच ६ चा ८ होत असे, हे जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले होते. कादंबरीत एखादा आकडा बदलला तर फारसे बिघडत नाही; सिस्टिम/३६० च्या आज्ञांच्या सांकेतिक क्रमांकांत मात्र ५८ म्हणजे स्मृतीतली किंमत रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेत) आणण्याची आज्ञा आणि ५६ म्हणजे तार्किक ‘ऑर’ (‘किंवा’) ही वेगळीच क्रिया. असे पान स्वच्छ, सुबक दिसते आणि बेधडक खोटे बोलते. ग्रुप ४ या संकोचन पद्धतीने ६०० डीपीआयचे (इंचाला ६०० ठिपक्यांचे) कृष्णधवल पान काहीही न गमावता साठवता येते आणि ते फार जागाही खात नाही, पण हे ऐकायला वेळ कोणाला आहे?

शेवटी मी निमूटपणे त्या पुस्तिकेची मूळ प्रत पाहायला मागितली. उत्तर आले, “स्कॅन झाल्यावर ठेवून काय करायचे? रद्दीत दिली.” म्हणजे त्या घडीत दडलेला अर्धा सर्किट आता कागदाच्या लगद्यात आहे, आणि माझ्याकडे उरला आहे तो घडीच्या पाठीचा कोरा कागद, तोही तिरका आलेला.