‘थेट उडी मारा’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘कम्फर्ट झोन सोडा, आयुष्य बदला’ या नावाचा सात नियमांचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या भाचीला तो मैत्रिणींच्या ग्रुपवर मिळाला, आणि पोहता येत नसताना येत्या रविवारी पोहण्याच्या तलावात थेट खोल बाजूला उडी मारायचं तिने ठरवूनही टाकलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेज म्हणतो: एक, भीती असते तिथेच प्रगती असते, हे १९०८ सालीच सिद्ध झालंय. दोन, रोज भीती वाटेल असं एक काम करा. तीन, ज्याची भीती वाटते त्यात थेट उडी घ्या, पाण्यात पडल्यावर पोहता येतंच. चार, तयारीत वेळ घालवू नका. पाच, २१ दिवसांत नवी सवय लागते. सहा, समोर येईल त्या प्रत्येक संधीला हो म्हणा. सात, एकदा निघालात की मागे वळू नका.

तिसऱ्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने जीव जाऊ शकतो.

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ हे आपण नव्या जबाबदारीबद्दल बोलतो, आणि तिथे ते ठीक आहे. खऱ्या पाण्याला हे लावू नका. पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात गेला की त्याचं शरीर पाण्यात उभं राहतं, डोकं मागे जातं, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. पायांचा काही उपयोग होत नाही. तोंड क्षणभर वर येतं, तेवढ्यात श्वास सोडायचा आणि घ्यायचा असतो, ओरडायला हवा शिल्लकच राहत नाही. म्हणून बुडणारा माणूस बहुतेक वेळा गप्प असतो, आणि काठावरच्यांना तो खेळतोय असं वाटतं. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. माणूस पाण्याखाली जायच्या आधी साधारण २० ते ६० सेकंद मिळतात. त्या सेकंदांत हात आपल्या ताब्यात नसतात. पोहणं शिकायचं कशाने?

पाणी १५ अंशांपेक्षा थंड असेल तर आणखी वाईट. अंग अचानक गार पाण्यात गेलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. पुढचं मिनिटभर श्वासावर नीट ताबा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. ‘थेट उडी’ लिहिताना एवढं तरी डोळ्यांसमोर हवं होतं.

पाण्याची भीती जाते, पण ती अशी. शिकवणारा शेजारी असताना कमरेएवढ्या पाण्यात भिंत धरून उभं राहायचं. तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडायचे. असं १० वेळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे श्वास कोंडून धरणं. गुदमरल्याची जी घाबरगुंडी उडते ती बहुतांशी ऑक्सिजन संपल्यामुळे नसते, तर आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असते. हवा बाहेर सोडत राहिलं की ती लवकर उठत नाही. नाकात पाणी जात असेल तर पाण्याखाली ‘हम्म्म’ असा आवाज काढत राहायचा.

मग तरंगायच्या आधी, तरंगत असताना पुन्हा उभं कसं राहायचं ते शिकायचं. बरेच जण हाच टप्पा गाळतात. पालथे असाल तर गुडघे छातीशी घ्यायचे, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं वर उचलायचं, की पाय आपोआप तळाला लागतात. हे पाच-सहा वेळा जमलं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो, कारण आता परतीची वाट स्वतःच्या हातात असते. त्यानंतर उताणं तरंगणं. कान पाण्यात बुडायलाच हवेत. ‘मी बुडतेच’ म्हणणारी मंडळी बहुधा डोकं उचलून पायांकडे बघत असतात, आणि डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जाणारच. मग भिंतीला पाय रेटून सरळ सरकणं, मग पाय मारणं. खोल बाजू सगळ्यात शेवटी, शिकवणारा हाताच्या अंतरावर असताना.

हे पायरी-पायरीने जाणं म्हणजे भित्रेपणा, असं मेसेज सुचवतो. त्यावर शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९२४ साली पीटर नावाच्या २ वर्षं १० महिन्यांच्या मुलाचा अभ्यास छापला. त्याला सशाची एवढी भीती होती की पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही दिसला तरी तो घाबरायचा. जोन्स यांनी ससा त्याच्या अंगावर टाकला नाही. तो उंच खुर्चीत बसून आवडीचं खात असताना ससा लांब ठेवला. मग पिंजऱ्यातला ससा १२ फुटांवर असला तरी त्याला चालू लागलं, मग ४ फुटांवर, मग ३, मग अगदी जवळ, मग खोलीत मोकळा, मग हात लावण्यापर्यंत. पीटरच्या प्रगतीच्या एकूण १७ पायऱ्या त्यांनी नोंदवल्या आहेत. शेवटच्या पायरीवर तो सशाला आपली बोटं कुरतडू देत होता. आणि त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला: घाई केली तर उलटंच होईल, सशाची भीती जायच्या ऐवजी खाण्याचीच भीती बसेल. आजही भीतीवरच्या उपचारांत हाच पायऱ्यांचा मार्ग सर्रास वापरला जातो. मेसेजमधल्या सातही नियमांत या तोडीचं एक वाक्य नाही.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करावी लागते. टाळल्याने भीती वाढते, हे खरंच आहे. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी पुन्हा टाळायला लावतं. चौथ्या नियमातही त्यामुळे अर्धं तथ्य आहे. तीन महिने नुसती पुस्तकं वाचत बसणं हा टाळण्याचाच प्रकार. उपचारांत एकदम मोठ्या भीतीला सामोरं जाण्याची पद्धतही आहे, पण ती जाणकाराच्या देखरेखीखाली, माणसाच्या पूर्ण संमतीने, आणि भीती ओसरेपर्यंत तिथे थांबण्याच्या अटीवर. भीती टोकाला असताना पळ काढलात तर ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मनावर ठसतं. थेट उडी मारणाऱ्याचं नेमकं हेच होतं.

म्हणून पायऱ्या कागदावर मांडा. चारचौघांत बोलायची भीती घ्या. प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० मधला भीतीचा आकडा द्या. एकट्याने मोठ्याने वाचणं १०, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकणं २५, एका मित्रासमोर तीन मिनिटं बोलणं ४०, बैठकीत एक प्रश्न विचारणं ५५, अनोळखी वीस जणांसमोर पाच मिनिटं ८५. सुरुवात ३० ते ४० च्या आसपास करा आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा करा. पुढच्या पायरीला एकच गोष्ट बदला: माणसं वाढवलीत तर विषय तोच ठेवा. आधी एका ओळीत लिहा, ‘माझ्या मते असं होईल’. नंतर झालं काय ते त्याखाली लिहा. ‘सगळे हसतील’ लिहिलेलं असतं आणि कुणीच हसलेलं नसतं, तेव्हा ती ओळ कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करते. आणि लपायच्या जागा ओळखा: कागदावरून मान वर न काढणं, भराभरा बोलून संपवणं, हातात फोन घट्ट धरणं. या चालू राहिल्या तर दहा वेळा बोलूनही भीती तशीच राहते, कारण मन श्रेय त्या कागदाला देतं.

पहिल्या नियमातला १९०८चा प्रयोग म्हणजे रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा. तो उंदरांवर होता. पांढऱ्या आणि काळ्या खोक्यांतलं बरोबर खोकं ओळखायचं, चुकलं की विजेचा झटका. फरक ओळखणं सोपं असताना झटका जोराचा तर शिकणं लवकर. फरक ओळखणं अवघड असताना मात्र मध्यम झटक्याला उंदीर सगळ्यात लवकर शिकले, जोराच्या झटक्याने वेळ वाढला. म्हणजे उंदरांवरून माणसांबद्दल काही म्हणायचंच असेल, तर नवं आणि अवघड शिकताना दडपण बेताचं ठेवा असं निघतं. मेसेजच्या अगदी उलट.

२१ दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सवयी मोजल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, २०१० साली छापलेल्या अभ्यासात. ९६ जण, १२ आठवडे. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त लागले तो आकडा, निघाला ६६, आणि अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. बाविसाव्या दिवशी ‘माझ्यातच खोट आहे’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रोज नवी भीती कशाला? दहा वेगवेगळ्या गोष्टी एकेकदा करण्यापेक्षा एकच गोष्ट दहा वेळा केलेली चांगली. प्रत्येक संधीला हो म्हणणंही नको. बिघडलं तर पूर्ववत करता येईल का, एवढं आधी विचारा. नाच शिकायला गेलात आणि फसलात तर घरी येता. सही, कर्ज, उंचावरची कसरत, अनोळखी गोळी यांचं तसं नाही.

राहिला ‘मागे वळू नका’. पीटर मध्येच लोहितांग ज्वराने (स्कार्लेट फीव्हर) सुमारे दोन महिने दवाखान्यात होता, आणि घरी परतताना एक मोठा कुत्रा त्याच्यावर धावून आला. सशाची भीती होती तशी परत आली. जोन्स यांनी तो खात असताना ससा लांबून हळूहळू जवळ आणायला सुरुवात केली ती तेव्हा, आणि पीटर बोटं कुरतडू देण्यापर्यंत पोहोचला तो त्यानंतर. पाण्यातही हेच करायचं. खोल बाजूला छातीत धडधडलं तर भिंत धरून उथळ बाजूला या, १० वेळा बुडबुडे सोडा, एकदा उताणं तरंगा, नीट उभं राहा आणि मगच बाहेर पडा. पुढच्या खेपेला दोन-तीन दिवसांच्या आत जा, आणि जिथे शेवटचं जमलं होतं तिथून सुरू करा.