जुनी फियाट कापण्यापेक्षा विकलेली बरी

आमच्या घरात सध्या एका गाडीवरून दोन तट पडले आहेत. मोठ्या काकांची १९७० सालची फियाट ११०० डिलाइट सांगलीला शेडमध्ये उभी आहे. काकांचा गुडघा आता क्लच दाबू देत नाही, त्यामुळे गाडी पुढच्या पिढीकडे आली. भाचा म्हणतो, "आत्या, हिच्यात मारुतीचं इंजिन बसवू, खाली फ्लोअर गिअर, एसी, अलॉय व्हील आणि वरून मॅट रंग. मग बघ कशी दिसते!" त्याचे बाबा, म्हणजे माझा दादा, म्हणतो की येईल त्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. मला दोन्ही पटत नाही. फॅमिली ग्रुपवर तुकड्यातुकड्यात लिहून झालं, आता सगळं एकत्र इथे लिहिते, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांतून पडत असणार.

आधी ही गाडी म्हणजे काय ते सांगते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या फियाट बनल्या. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल गाडी, जिला आपल्याकडे सरसकट 'डुक्कर फियाट' म्हणतात, ती हिची थोरली बहीण. डिलाइट साठच्या दशकात आली. सत्तरच्या दशकात हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ सीसीचं, चार गिअर आणि तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढची सीट अखंड, त्यामुळे लहानपणी पुढे तिघं सहज बसायचो. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. काकांनीही पाहिली.

आता कुणी म्हणेल, फियाटचं एवढं काय कौतुक, गल्लोगल्ली होती की! मला वाटतं, गोम तिथेच आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस राहिल्या, कारण त्या महाग आहेत हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मध्यमवर्गाची गाडी जपायची असते असं कुणालाच वाटलं नाही. ती वापरली, घासली, रंगवली, शेवटी भंगारात घातली. मुंबईत तर या गाड्यांनी टॅक्सी म्हणून अख्खं शहर वाहिलं. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो अध्याय संपला. तेव्हा सगळे हळहळले. पण ज्यांच्या शेडमध्ये धडधाकट गाडी उभी आहे, त्यांनी ग्राइंडर हातात घेताना ती हळहळ आठवायला हवी.

काकांच्या गाडीत नेमकं काय शिल्लक आहे हे भाच्याला दाखवायला मागच्या महिन्यात त्याला दाराजवळ खाली बसवलं. दाराच्या कडेचं रबर थोडं सोडवलं की खाली कारखान्यातला मूळ रंग दिसतो, बाहेरच्या उडालेल्या रंगापेक्षा चांगला गडद. छताच्या कडेने पावसाचं पाणी वाहून न्यायला जी पन्हळ असते, तिच्यातले स्पॉट वेल्डचे बारीक खळगे एकसारख्या अंतरावर मोजता येतात. ज्या गाडीचा पत्रा एकदा कापून, ठोकून, वर लांबी (पुट्टी) भरून रंगवलाय, तिथे हे खळगे बुजलेले असतात. पुढची त्रिकोणी काच अजून मूळ खिट्टीवर बंद होते. तळाच्या पत्र्याला एकही ठिगळ नाही, आणि आपल्याकडच्या पावसात पन्नासहून जास्त वर्षं काढलेल्या गाडीबद्दल असं म्हणता येणं ही साधी गोष्ट नव्हे.

फ्लोअर गिअर बसवायचा तर याच तळाला मधोमध भगदाड पाडावं लागतं. दुसरं इंजिन बसवायचं तर इंजिन धरणारी माउंटिंग कापून नवीन वेल्ड करावी लागतात. गॅसकटर जिथे फिरतो तिथला पत्रा पुढच्या दोनतीन पावसाळ्यांत गंज धरतो. आणि एकदा कापलेलं परत 'ओरिजनल' करता येत नाही, कितीही पैसे ओता. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. जे नटबोल्ट सोडवून पूर्ववत होतं, ते खुशाल करा. जे कापून करावं लागतं, त्याच्या वाट्याला जाऊ नका.

त्यामुळे जुन्या गाडीला हातच लावायचा नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. रेडियल टायर घालावेत. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट आणि कंडेन्सरचा वैताग नको असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं आणि जुने पॉइंट डबीत घालून डिकीत ठेवावेत. हेडलाइटला रिले लावावा, जुन्या वायरिंगवरचा भार कमी होतो. पेट्रोलच्या नळ्या आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, तर बदलायलाच हवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही आणि नळी तडकली की थेट आगीशी गाठ. सीटबेल्टसाठी आतून जाड पट्टी देऊन चार भोकं पाडावी लागली, तर तेवढी मी हसत माफ करीन. माणसाचा जीव पत्र्यापेक्षा मोठा आहे. ब्रेकबद्दल म्हणाल तर डिस्कचा विचार करण्याआधी ड्रम नीट करून घ्या. व्हील सिलिंडरचे रबर नवे, लायनर नवे, चारही चाकांचं ॲडजस्टमेंट बरोबर, आणि घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. काका वर्षानुवर्षं खंबाटकी असाच उतरले.

हा 'पूर्ववत होईल तेवढंच' नियम काही माझ्या पदरचा नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिवाने, जी 'तुरीन सनद' मान्य केली, तिच्यातही हेच तत्त्व आहे. तुरीन म्हणजे फियाटचं माहेर. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं.

"पण आत्या, गाडी आपली, आपण काहीही करू," हा भाच्याचा पुढचा मुद्दा. कायद्याने तसं करता येत नाही, बाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करायला मनाई आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. काही गोष्टींना रीतसर परवानगी मिळते, मान्यताप्राप्त सीएनजी किट हे त्यातलं नेहमीचं. पण आरसी बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली भलतंच, अशा गाडीला उद्या अपघात झाला तर विमा कंपनी कुठलं कलम दाखवील ते सांगायला नको. शिवाय जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे आज जी गोष्ट भाचा जुनाट म्हणून काढून टाकणार, तीच तिची पात्रता आहे. हे दार एकदा बंद केलं की गेलं. (अशी नोंदणी केली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं वगैरे. ज्यांना रविवारी सहज नरसोबाच्या वाडीला जाऊन यायचंय, त्यांनी दर पाच वर्षांचं नेहमीचं नूतनीकरणच बरं.)

एक मात्र कबूल करायला हवं. टॅक्सीवाल्यांनी आपल्या पद्मिनीत केलेले बदल, सीएनजी, वरचा कॅरिअर, आतली रंगीबेरंगी छतं, हे सगळं मला मनापासून आवडतं. तो पोटापाण्याचा बदल होता आणि तोही त्या गाडीचा इतिहास झाला. ज्याला जुन्या फियाटमध्ये नवं इंजिन घालायची खरोखर हौस आहे, त्यानेही ती जरूर करावी, फक्त परवानगी काढून आणि कुजलेला सांगाडा घेऊन. तळ खाल्लेल्या, इंजिन गेलेल्या फियाट खेड्यापाड्यांत झाडाखाली पडून आहेत. त्यातली एखादी भाच्याने उभी केली तर पहिला हार मी घालीन.

आता दादाकडे वळते. दादा, गाडी विकायला माझी ना नाही, उलट माझं मत विकण्याकडेच आहे. शेडमध्ये नुसती ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, टाकीत गंज धरतो, वायरिंग उंदीर खातात. आपल्यापैकी कुणालाही सकाळी चोक ओढून, इंजिन तापेपर्यंत थांबून, हाताच्या गिअरवर निवांत जायला सवड नाही. भाच्याला वेगवान, थंडगार गाडी हवी आहे आणि त्याच्या वयात ते रास्तच आहे. अशा माणसाने फियाट बदलत बसण्यापेक्षा ती विकून मनासारखी गाडी घ्यावी. दोन्ही गाड्यांचं भलं होईल.

पण पहिल्या गिऱ्हाइकाला नको. परवा आलेला तो माणूस बॉनेट न उघडताच भाव बोलला आणि मग "लग्नाच्या वरातीसाठी छत कापून ओपन करणार" म्हणाला. त्याला मी चहा देऊन परत पाठवलं. गिऱ्हाईक असा हवा जो आधी तळाखाली टॉर्च मारील, चासी नंबर पुस्तकाशी ताडून बघील, एक चक्कर मारून मगच बोलेल. त्याने थोडे कमी दिले तरी चालतील, काकांनाही चालणार आहेत, मी विचारलंय. आणि पैसे मोजून घेतले म्हणजे व्यवहार झाला असं समजू नकोस. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी त्याच्या नावावर चढलेली आरसीवर दिसेपर्यंत पाठपुरावा कर, नाहीतर पुढचे दंड काकांच्या नावावर येत राहतील.

गाडी चालू स्थितीत आहे. फक्त कॉलम गिअरची, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरची, जोडणी सैल झाली आहे, दुसरा गिअर पडताना अडतो, आणि मे महिन्यात इंजिनावरचा पेट्रोल पंप तापू नये म्हणून त्यावर ओला कपडा टाकावा लागतो. सांगली, कोल्हापूर, मिरज भागात जुन्या फियाटचं काम मन लावून करणारा मिस्त्री कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. विकण्याआधी तेवढं करून द्यायचं ठरवलंय.