चार्जर बदलून पेडल असिस्ट वाढत नाही: बाबांना आलेल्या त्या मेसेजला उत्तर

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास बाबा जिन्याखाली उकिडवे बसून ई-सायकलच्या बॅटरीत चार्जरची पिन बसते का ते बघत होते. बॅटरी आमची, ३६ व्होल्टची. चार्जर मात्र शेजारच्या मुलाच्या ४८ व्होल्टच्या सायकलचा, संध्याकाळी मागून आणलेला. पिन बसली. दोन्हीकडची पिन सारखीच, गोल. भिंतीवरचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

"बाबा, आधी ती पिन काढा."

"अगो, अर्धा तासच लावायचाय. ग्रुपवर आलंय. खूप जणांनी करून बघितलंय म्हणे."

ग्रुप म्हणजे आमच्या वाड्यावरच्या आरतीमंडळींचा. गणपतीच्या माटोळीच्या सामानापासून लाईट कधी येणार इथपर्यंत सगळं तिथे येतं, आणि आता हेही आलं: "ई-सायकलचं पेडल असिस्ट कमी झालंय? मेकॅनिककडे जाऊ नका. सहा घरगुती उपायांनी ताकद दुप्पट." पेडल असिस्ट म्हणजे पाय मारताना मोटर देते ती मदत. उपाय असे: बॅटरी फुल झाल्यावर जास्त व्होल्टचा चार्जर अर्धा तास लावा, दर रविवारी बॅटरी पूर्ण रिकामी करा, वेगमर्यादेची वायर कापा, समुद्राच्या हवेने मोटरचं मॅग्नेट मरतं, म्हणून जुन्या स्पीकरचं मॅग्नेट हबवर (मोटर असलेल्या चाकाच्या मधल्या भागावर) चिकटवा, ब्रेकच्या वायरी काढून टाका, सगळ्या जोडांत खोबरेल तेल सोडा. त्याच आठवड्यात हा मेसेज मला आणखी दोन ठिकाणांहून आला. मी नऊ वर्षं इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दुरुस्त करते. एकेकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहिते.

बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत. सकाळी चोडणच्या धक्क्यावरून फेरीबोट, पलीकडे रायबंदर, मग कॉजवेवरून पणजी आणि शेवटी आल्तिनोचा चढ, कारण ऑफिस वर आहे. गुडघे दुखायला लागल्यावर ही सायकल घेतली. महिनाभर चढावर मोटर साथ देईनाशी झाली होती आणि ते कोणाला न सांगता सायकल ढकलत वर नेत होते. अशा माणसाच्या हातात हा मेसेज पडला, म्हणून माझा संताप होतोय.

आता चार्जर. आमच्यासारख्या ३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलची वरची मर्यादा ४.२ व्होल्ट. दहा गुणिले ४.२, म्हणून आपल्या चार्जरवर ४२ व्होल्ट छापलेलं असतं. ४८ च्या बॅटरीत असे तेरा गट, म्हणून तिचा चार्जर ५४.६ पर्यंत जातो. हा चार्जर दहा गटांच्या बॅटरीला लावून सोडला, तर एकेका सेलला ५.४६ व्होल्टपर्यंत ढकलायची त्याची तयारी असते. ४.२ च्या वर गेलेल्या सेलमध्ये धातूरूप लिथियम साचायला लागतं, आतलं द्रव फुटून गॅस होतो, सेल तापतो, आणि एका टप्प्यानंतर तो स्वतःच स्वतःला तापवत जातो. मग पिन काढूनही काही थांबत नाही. शेजारचे सेलही पेटतात. आमचा जिना लाकडी आहे, वर वासे आणि मंगलोरी कौलं, आणि आई वरच्या खोलीत झोपते.

"खूप जणांनी करून बघितलंय" हे खरं असू शकतं, आणि त्यांना काही झालं नसेल हेही. त्याचं कारण साधं आहे. दोन अँपिअरचा चार्जर अर्ध्या तासात एक अँपिअर-तास भरतो. बॅटरी अर्धी रिकामी असेल तर तेवढ्याने ४.२ ची मर्यादा ओलांडली जात नाही, ती फक्त थोडी भरते. भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज जास्त, म्हणून सायकल जरा जोरात पळते, आणि श्रेय त्या चार्जरला जातं. आपल्या चार्जरनेही तेच झालं असतं. पण मेसेजमध्ये लिहिलंय, आधी बॅटरी फुल करा आणि मग लावा. म्हणजे नेमका सगळ्यात वाईट मुहूर्त निवडलाय. त्या वेळी बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट तेवढं मध्ये उभं असतं. त्याने वेळेवर तोडलं तर आत काहीच जात नाही, म्हणजे उपायाचा उपयोग शून्य. त्याने तोडलं नाही तर आगीचा धोका. यातून असिस्ट वाढण्याचा रस्ताच नाही.

ही कल्पना आली कुठून याचा मला अंदाज आहे. इन्व्हर्टरच्या पाण्याच्या बॅटरीला, म्हणजे लेड-ॲसिडला, अधूनमधून जरा जास्त व्होल्टेज देऊन तिच्या प्लेटांवर बसलेला थर मोडतात. ते खरं आहे, मी स्वतः करते, तेही बॅटरीला साजेल तेवढंच व्होल्टेज ठेवून, उघड्यावर आणि मीटर हातात धरून. लिथियमला हा नियम लागू नाही. दोन्हींना आपण बॅटरी म्हणतो, एवढंच त्यांच्यातलं नातं.

बॅटरी पूर्ण रिकामी करायचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्यांना तसा दोष असायचा. लिथियमला तो नाही, उलट तळ गाठल्याने तिचं आयुष्यच कमी होतं. वीस-पंचवीस टक्क्यांवर आली की चार्जिंगला लावा आणि पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा.

वायर कापायच्या सल्ल्यात अज्ञान आणि बेकायदेशीरपणा दोन्ही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला बॅटरीवरच्या वाहनांच्या व्याख्येचा नियम २(यू) बघा. पेडल असिस्टच्या सायकलला मोटार वाहन मानत नाहीत ते अटींवर: मोटरची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी हवी, वेग वाढेल तशी मदत कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला ती बंद पडली पाहिजे, पाय थांबले तर त्याआधीच. वायर कापून तुम्ही तिला पंचवीसच्या पुढे पळवलीत की ही सवलत गेली. मग नोंदणी, लायसन्स, विमा सगळंच आलं. ज्याने पुढे पाठवलंय तो अपघातानंतर तुमच्या बाजूने उभा राहायला येणार नाही.

आणि मुळात त्याने चढावर फरक काय पडणार? ती वायर वरचा वेग अडवते. आल्तिनोच्या चढाला बाबांचा वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर. पंचवीसची मर्यादा त्यांच्या वाटेत येतच नाही. चढाचा हिशेब वेगळा आहे. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो, शंभर मीटरला आठ मीटर असा चढ, वेग ताशी दहा: नुसतं वर उचलायलाच सव्वादोनशेच्या आसपास वॉट लागतात. कायद्याने मोटरला मिळतात अडीचशेच्या आत. म्हणजे नवीकोरी सायकलसुद्धा अशा चढावर पाय मारल्याशिवाय नीट जाणार नाही. घेताना दुकानदार हे सांगत नाहीत आणि पहिल्या चढाला लोकांना वाटतं, बिघाड झाला.

मॅग्नेटचा उपाय वाचून मात्र मी मोबाईल खाली ठेवला. हब मोटरचं बाहेरचं कवच बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटतच नाही. म्हणजे हे लिहिणाऱ्याने एकदाही स्वतः करून बघितलेलं नाही. चिकटपट्टीने बांधलं तरी मोटरची कामाची मॅग्नेट आत, लोखंडी कड्याच्या आतल्या अंगाला बसवलेली असतात. बाहेरच्या स्पीकर-मॅग्नेटचा जोर त्या कड्याच्या पलीकडे पोचत नाही. पोचलं तर वेग मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचेल आणि तो चुकीचा आकडा द्यायला लागेल. शिवाय चाकावर एका बाजूला वजन बांधून रायबंदरच्या रस्त्याने जायचं, मागून कदंबा बस.

समुद्राच्या हवेने बिघडतं, एवढं मात्र मला मान्य करावं लागतंय. पण बिघडतं ते मॅग्नेट नाही (आत पाणी शिरून वर्षभर सडलं तर तेही गंजतं, पण ती फार पुढची पायरी). आधी जातात ते जोड. फेरीवर उडणारे तुषार, कॉजवेच्या दोन्ही बाजूंची मिठागरं आणि खारफुटी, चार महिने पाऊस. त्या रात्री मी बॅटरी खाचेतून ओढून काढली तेव्हा खालच्या पितळी पात्यांवर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि एका पात्याची कड काळी पडली होती. अशा जोडात फक्त ०.१ ओहमचा जास्तीचा अडथळा धरा. चढावर दहा अँपिअर वाहिले की एक व्होल्ट तिथेच गायब, आणि दहा वॉट त्या नखाएवढ्या पात्यावर उष्णता बनून बसतात. चढ चढून गेल्यावर बॅटरी काढून तिथे बोट टेकवा. चटका बसला तर दुखणं सापडलं.

म्हणून जोडांत खोबरेल घालायच्या सल्ल्यात "जोड बघा" एवढंच घेण्यासारखं आहे. खोबरेल नको. ते घट्ट होतं, धूळ धरतं, आणि खालची हिरवी झाक तशीच राहते. बॅटरी काढून ठेवून जोड कोरड्या ब्रशने घासा, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या. मोटरची वायर चाकाच्या आसात शिरण्याआधी खाली झोळ घेऊन वर वळलेली हवी, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता झोळातून ठिबकतं. आमची वायर कोणीतरी पट्टीने ताणून बांधली होती.

ब्रेकच्या वायरींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ब्रेकच्या दांड्यात एक छोटं बटण असतं, ब्रेक दाबला की मोटर तोडणारं. दांडा गंजून पूर्ण मागे आला नाही तर मोटरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. म्हणून चाक वर उचलून, सायकल उभी असताना, त्या बटणाच्या वायरची पिन क्षणभर काढून बघायला हरकत नाही. मोटर फिरायला लागली तर दांडा साफ करा किंवा बदला आणि पिन परत लावा. तशीच काढून रस्त्यावर जायचं नाही. रायबंदरच्या धक्क्यावरून उतारावर फेरीत शिरताना ब्रेक दाबला आणि मोटर अर्धा फेरा पुढेच ढकलत राहिली, तर समोर पाणी आहे. वरच्या त्याच नियमात योग्य ब्रेकचीही अट आहे.

आमच्या सायकलचं अर्धं दुखणं पात्यांत सापडलं. उरलेलं त्या सहा उपायांत कुठेच नव्हतं. रविवारी सकाळी मी सायकल उलटी ठेवली आणि पेडल हाताने हळू फिरवलं. पेडलच्या आसाजवळ प्लास्टिकची चकती असते, तिच्यात बारा छोटी मॅग्नेट, आणि शेजारी सेन्सर. आमच्या सेन्सरवर बारीक लाल दिवा आहे. एकेक मॅग्नेट समोरून गेलं की तो लुकलुकायला हवा. अर्धा फेरा तो नीट लुकलुकला आणि पुढचा अर्धा फेरा गप्प. वाकून बघितलं तर चकतीला तडा, ती तिरकी फिरत होती. एका बाजूला फट दोन मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला सहा-सात. लांबचं मॅग्नेट सेन्सरला दिसत नाही. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात मोटर धरते आणि सोडते, आणि चढावर नेमकं सोडलं की पाय अडकतो. बाबा महिनाभर सांगत होते, "जोर लागतो आणि मध्येच जातो," ते हेच.

नवी चकती पणजीच्या सायकलवाल्याकडे मिळाली, क्रँक (पेडलचा दांडा) काढायला ओढणी-पाना लागला तोही त्यानेच दिला. मागच्या टायरमध्ये हवा होती २२ पीएसआय, टायरच्या अंगावर छापलेलं किमान ४०. तीही भरली.

शेजारच्या मुलाचा चार्जर मी त्याच रात्री परत केला. जाताना पांढऱ्या रंगाने त्याच्यावर मोठ्ठं ५४.६ लिहिलं आणि आमच्यावर ४२. दोन्हींची पिन अजूनही सारखीच आहे.