सहयोगी संपादक झालात? अभिनंदन!

संशोधनाच्या जर्नलच्या पानावर तुमचं नाव झळकलं, बायोडेटात एक ओळ वाढली. मानधनाचं विचारू नका. मान तुम्हाला, धनाचं प्रकाशक बघतात. बाकी काम अगदी सोपं. अनुभवाचे चार शब्द सांगते.

पेपर जर्नलच्या विषयातला नसेल तर परत पाठवा. दोन दिवसांत पाठवलात तर लेखक म्हणतील, वाचलाच नाही. दोन आठवड्यांनी पाठवलात तर म्हणतील, वेळ फुकट घालवला.

नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने आधी छापलेल्या मजकुराशी ४१ टक्के साम्य दाखवलं? घाबरू नका. 'पद्धत तीच आहे, मग शब्द कशाला बदलायचे?' असं बाणेदार उत्तर येईल.

समीक्षक, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे त्याच विषयातले जाणकार, लेखकानेच सुचवले असतील तर डोळे झाकून घ्या. आठवड्याच्या आत 'अप्रतिम' लिहून देतात. २०१७ मध्ये स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेला 'ट्यूमर बायॉलॉजी' या जर्नलमधले १०७ पेपर मागे घ्यावे लागले. तिथेही समीक्षकांची नावं खरीच होती, ईमेल पत्ते तेवढे बनावट.

नाहीतर मग स्वतः शोधा. दोन समीक्षक हवेत, म्हणून चार निमंत्रणं पाठवा. पहिला तासाभरात नकार देतो. देवमाणूस! दुसरा रजेवर. तिसरा हो म्हणून अंतर्धान पावतो. मुदत २१ दिवसांची. पन्नासाव्या दिवशी अडीच ओळी येतात: विषय रंजक आहे, इंग्रजी सुधारा, पुढील सहा संदर्भ घाला. सहाही त्याचेच. आणि चौथा? चौथा काहीच करत नाही. होकार नाही, नकार नाही.

या चौथ्याशी परवा माझी नीट ओळख झाली. एका लेखकमहाशयांनी थेट मुख्य संपादकांकडे तक्रार केली, की मी त्यांचा पेपर चार महिने अडकवून ठेवलाय. त्याआधी मला सात पत्रं, प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा तिखट. डॅशबोर्ड उघडला. त्यांच्या पेपरसाठी मी १४ जणांना विचारलं होतं. त्यातल्या एकानेच समीक्षा पाठवली. मग वाटलं, हे नाव ओळखीचं आहे. शोधलं. त्याच चार महिन्यांत मी या गृहस्थांना तीन पेपर समीक्षेसाठी पाठवले होते. उत्तर एकाचंही नाही. स्मरणपत्रं नऊ! सात पत्रं लिहायला वेळ होता, पण 'नाही'वर एक टिचकी मारायला नव्हता. शिवाय निष्काळजी कोण, तर मी!

जाऊ दे तो सल्ला. लेखकहो, आता तुमच्याशीच सरळ बोलते. तुमचा एक पेपर दोन-तीन माणसांचा वेळ खातो, आणि तो वेळ आकाशातून पडत नाही. वर्षाला सहा पेपर पाठवायचे आणि समीक्षा एकही करायची नाही, म्हणजे तुमच्या वाट्याचं काम कोण करतं? नुकतीच पीएचडी झालेली, नाही म्हणायला घाबरणारी पोरं. रात्री जागून तुमच्या तक्त्यांतल्या बेरजा तीच तपासतात, आणि पेपर छापून आल्यावर आभारात तुम्ही त्यांना 'अनामिक समीक्षक' म्हणून एका ओळीत उरकता. थोडी तरी लाज वाटू द्या.

वेळ नसेल तर नाही म्हणा, कोणी रागावत नाही. जमलं तर दोन नावं सुचवा. आणि 'माझ्या पेपरचं काय झालं?' असं आठवं पत्र लिहिण्याआधी स्वतःचा इनबॉक्स बघा. माझी तीन निमंत्रणं अजून तिथेच पडली आहेत.